मदत हवी: बीम सहाच्या वर जाईनात, आणि उंचीचं नक्की काय?

सीमेवरचा_गडी (धागाकर्ता):
नमस्कार. फौजेच्या अग्निवीर भरतीची तयारी करतोय. बीम (दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं, म्हणजे पुल-अप) सहाच्या वर जाईना झालेत. सातव्याला हनुवटी दांड्याच्या खाली चार बोटं अडकते आणि पाय आपोआप हलायला लागतात. रनिंग ओके आहे. दुसरं म्हणजे उंची १६६.५ भरते. परवा एक अकॅडमीवाला म्हणाला, १६८ लागते, तू घरी बस. खरं काय ते सांगा की. भरतीची रॅली (मैदानी चाचणी) जवळ आलीय, त्यामुळे ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा. "मेहनत कर, होईल" असली उत्तरं नकोत.

पहाटेचा_पळ्या:
रनिंग ओके म्हणजे किती? १६०० मीटर ५:३० च्या आत आलं तर ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८. आमचा ग्रुप पहाटे बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर असतो. एक दिवस ४०० चे तुकडे, एक दिवस लांब पल्ला, रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढून उतरायचं. महिन्यात फरक पडतो. चांगले बूट मात्र घे, कॅनव्हासवर पळून नडगी धरते.

सीमेवरचा_गडी:
दादा, मी रनिंग विचारलंच नाही. ५:२० बसतंय.

पहाटेचा_पळ्या:
कुठं बसतंय? मोबाईलवर? झाडीत मोबाईल अंतर कमी-जास्त दाखवतो. ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या मार, हातात घड्याळ धर, मग ५:२० म्हण.

जुनी_तालीम:
आजकालच्या पोरांना बीम जड जातात कारण जोर-बैठका सुटल्या. आमच्या वेळी तालमीत लाल मातीत घाम गाळायचो, बीम काय चीज आहे! रोज सकाळी जोर वाढवत ने, वर म्हशीचं धारोष्ण दूध. आपोआप होतंय.

फिजिकलवाला:
काका, मान ठेवून सांगतो, जोर मारताना आपण जमीन ढकलतो. छाती आणि दंडाची मागची बाजू तयार होते. बीममध्ये स्वतःला वर ओढायचं असतं, त्याला पाठ आणि पकड लागते. ढिगाने जोर मारणारी पण तिसऱ्या बीमला लटकणारी पोरं दर वर्षी बघतो.

जुनी_तालीम:
मग मल्लखांबवाल्यांना कुणी बीम शिकवले? आम्ही दोरही चढायचो. पुस्तकी बोलू नका.

फिजिकलवाला:
दोर चढायचा हे शंभर टक्के बरोबर. ते आधी लिहिलं असतंत तर वाद झालाच नसता.
धागाकर्ता, तुझं वजन किती? पकड कशी धरतोस, तळहात समोर की स्वतःकडे? आणि बीम कधी मारतोस, पळण्याआधी की पळून झाल्यावर?

हवालदार_निवृत्त:
पोरा, निम्मी माहिती पोटातच ठेवलीस. पोस्ट कुठली? जीडी (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा जवान), ट्रेड्समन की क्लार्क? क्लार्कची उंची वेगळी असते. लेखी झाली का? डोमिसाइल कुठल्या राज्याचं? घरातलं कोणी फौजेत होतं का? हे कळल्याशिवाय उंचीचं उत्तर देता येत नाही.

सीमेवरचा_गडी:
जीडीच. लेखी झाली म्हणूनच रॅली म्हणालोय ना! तळहात समोर. वजन ६१. बीम संध्याकाळी मारतो, रनिंग सकाळी. आणि मी खानापूर तालुक्यातला.

हवालदार_निवृत्त:
खानापूर कुठलं? विट्याच्या बाजूला सांगली जिल्ह्यातही एक खानापूर आहे.

सीमेवरचा_गडी:
अहो बेळगावचं! नंदगड बाजूचं. नावातच सीमा लिहिलंय की.

हवालदार_निवृत्त:
सीमा लडाखची की चंदगडची, हे मला घरबसल्या कसं कळणार?
आता ऐक. जीडीसाठी उंची राज्यांच्या गटाप्रमाणे ठरते. कर्नाटक, गोवा, केरळ, तामिळनाडू, आंध्र, तेलंगणा हा दक्षिणेचा गट, त्याला १६६ सेंटीमीटर. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांना १६८. तुझा अकॅडमीवाला कोल्हापूर बाजूचा असणार, त्याच्याकडे सगळी १६८ वालीच पोरं येतात. तुझं डोमिसाइल कर्नाटकाचं, म्हणजे तू बसतोस. पण अर्धा सेंटीमीटरच शिल्लक आहे, तेव्हा माप देताना टाचा, पाठ, मान ताठ ठेव. दिवस चढेल तशी उंची थोडी उतरते, म्हणून आत्ताच एकदा दुपारी मोजून बघ. छाती ७७ हवी आणि फुगवून ५ वाढायला हवी.

सीमेवरचा_गडी:
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्याची सवलत मिळते का?

हवालदार_निवृत्त:
नाही. उंचीत २ सेंटीमीटरची सूट जवानाच्या किंवा माजी सैनिकाच्या मुलाला. नातवाला नाही. वडील फौजेत असते तर रेजिमेंटच्या सेंटरच्या युनिट हेडक्वार्टर कोट्याचंही (जवानांच्या घरातल्या पोरांसाठीची भरती) बघता आलं असतं. आजोबांचे कागद घेऊन कॅम्पात फेऱ्या मारू नकोस, तेवढ्या वेळात बीम मार.

एकसष्ट_नंबर:
म्हणजे बोलायला मराठी, शाळा मराठी, आणि मोजमापाला मात्र दक्षिणेचे! १९५६ पासून कर्नाटकात असल्याचा हा पहिला फायदा ऐकला 😄

चंदगडी_वाघ:
हसू नका. आमचं चंदगड महाराष्ट्रात. माझा मामेभाऊ १६७ भरला आणि परत आला. पलीकडच्या गावातला त्याचा मित्र त्याच उंचीवर आत. डोंगर तोच, भात तोच, फक्त हद्द वेगळी.

एकसष्ट_नंबर:
तुमच्याकडे दुसरं काही आहे की. सीमाभागातल्या, महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या आमच्या पोरांना महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीत अर्ज करायचा तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला गोळा करत हिंडावं लागतंय. पोलिसाला १६५ लागतात, पण आधी कागद लागतो.

चंदगडी_वाघ:
कागद आम्हालाही लागतातच. आणि हे सगळं

संपादक:
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे जा. इथे बीम.

ग्राउंड_पास:
मला कळत नाही एवढी चिंता कशाला. सहा बीम म्हणजे पास. नऊ फुटी खड्डा (उडी मारून पार करायचा) आणि झिगझॅग (अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालणं) तर नुसते क्वालिफाय करायचे असतात. सहा मारायचे आणि निघायचं.

फिजिकलवाला:
पास होणं आणि मेरिटला लागणं यात फार अंतर आहे. सहा बीमला १६ गुण, सातला २१, आठला २७, नऊला ३३, दहाला ४०. म्हणजे सहावरून दहावर गेलास तर २४ गुण. रनिंगमध्ये पहिल्या गटातून दुसऱ्यात घसरलास तरी १२ च जातात. पळ्याभाऊ, म्हणून याला राजहंसगडाची नाही, दांड्याची गरज आहे.
आता उपाय. उडी मारून किंवा स्टुलावरून हनुवटी दांड्यावर ने आणि पाच मोजत सावकाश खाली ये. उतरताना जी ताकद लागते तीच सातव्याला वर नेते. दमेपर्यंत एकदाच मारू नकोस. दिवसभरात येता-जाता तीन-तीन मार, पाय हलायच्या आत सोड. शेवटी नुसतं लटकून राहा, पकड त्यानेच होते. एक दिवस आड विश्रांती.
आणि मुख्य गोष्ट: रॅलीत बीम पळल्यानंतर असतात. संध्याकाळी ताजेपणी निघणारे सहा तिथे पाचही होऊ शकतात. आठवड्यातून दोनदा १६०० मारून, दम परत आला की लगेच दांडा धर. प्रत्येक बीमला हात खाली पूर्ण सरळ. झोका दिलेला मोजत नाहीत.

पहाटेचा_पळ्या:
मान्य. पण ५:४५ नंतर आला तर बाहेर, हे विसरू नका.

ग्राउंड_पास:
आता तसं नाही. २०२५ च्या भरतीत चार गट केलेत, ६:१५ पर्यंत. तिसऱ्याला ३६, चौथ्याला २४ गुण.

पहाटेचा_पळ्या:
मग आम्ही काय उगाच उलट्या करेपर्यंत पळालो?

हवालदार_निवृत्त:
उगाच नाही. आमच्या वेळी आत गेल्यावर पीपीटी या शारीरिक चाचणीत २.४ किलोमीटर पळणं आणि चिन-अप असायचे. बीपीईटी या दुसऱ्या चाचणीत पाठीवर वजन घेऊन ५ किलोमीटर, उभा दोर, आडवा दोर आणि तोच नऊ फुटी खड्डा. तीसच्या आतल्या जवानाला एक्सलंट हवं तर ५ किलोमीटर २५ मिनिटांत मारावे लागायचे. भरतीपुरतं तयार झालेलं पोरगं ट्रेनिंगमध्ये लगेच ओळखू येतं.

सरळसेवा:
मी म्हणतो फौजेचा हट्ट सोडा, एसएससी जीडी बघा, म्हणजे बीएसएफ, सीआरपीएफ अशा निमलष्करी दलांची भरती. उंची १७० लागते पण मराठ्यांना १६५ ची सवलत आहे. ५ किलोमीटर २४ मिनिटांत, बीम नाहीतच! नोकरीही अग्निवीरसारखी चार वर्षांची नाही.

सीमेवरचा_गडी:
मी ते विचारलं नव्हतं, पण बीम नाहीत हे खरं का?

फिजिकलवाला:
खरं आहे. आधी हातातली रॅली मार.

सीमेवरचा_गडी:
आज पळून आल्यावर लगेच मारले. चार झाले. उतरतानाचे सुरू केलेत. दुपारी उंची मोजली, १६६.२.

जुनी_तालीम:
दूध चालू केलंस का?

निपाणीची_ताई:
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या बहिणीला मिलिटरी पोलिसात जायचंय. मुलींनाही बीम असतात का?

हवालदार_निवृत्त:
नाही ताई. १६०० मीटर ७:३० मध्ये पहिला गट, ८ मिनिटांपर्यंत दुसरा. लांब उडी १० फूट, उंच उडी ३ फूट. उंची १६२. बाकीचं नवा धागा काढून विचारा, आणि त्यात बहिणीचं वय, शिक्षण, राज्य सगळं पहिल्यांदाच लिहा.