वादळात केळी गेल्या, मग आई गेली

प्रश्न : १७ मे २०२१ला तौक्ते वादळात वसईतली आमची केळीची वाडी आडवी झाली. वर्षअखेरीस आई गेली. अजून चर्चमध्ये मिस्साला जाते, पण प्रार्थना ओठांवरच राहते. असं कुणाचं झालंय?

– ताई, बायबलमधल्या ईयोबचा १४वा अध्याय वाचा. तोडलेलं झाड पाण्याच्या नुसत्या वासानं फुटतं. माणसाचं तसं नाही, असंही तो लगेच म्हणतो. उगीच धीर देत नाही, म्हणून मला तो जवळचा.

– केळीचा उभा खांब म्हणजे पानांची गुंडाळी. खरं खोड जमिनीखाली. आम्ही पडलेलं कापलं, मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) राखले.

– (मीच) मुनवे आईनंच राखले होते. त्यांची पिल्लं आज घडावर आहेत. काल विहिरीच्या काठावर रोझरीची प्रार्थना म्हटली. रडत, पण पूर्ण.