खायचे नखरे आणि त्यात शुगर : कर्ब (कर्बोदकं) कसे सांभाळता?

कारलं नको, मेथी नको, मोड आलेल्या कडधान्यांचा वास नको आणि ओट्स तर नकोच. टाइप टू मधुमेह झाला तरी ज्यांच्या ताटात फिरून फिरून तेच दहा पदार्थ येतात, त्यांच्यासाठी हा धागा. 'भात सोडा, पालेभाज्या खा' हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत नको. आवडीचं तेच ठेवून काय मोजता, किती कमी करता आणि कुठे फसतं ते लिहा. वाटी-डाव नको, ग्रॅम सांगा.

मुलुंडहून

नखरेवाल्यांची एक सोय आहे. पदार्थच दहा, तर आकडेही दहाच पाठ करायचे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर ताट ठेवून काटा शून्य करा आणि मग वाढा. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्ब. तीच वाटी सपाट भरली की एक आकडा, शीग लावली की दुसरा, म्हणून वाटीवर भरवसा नाही.

पोळीचं गणित कणीक मळतानाच करा. १०० ग्रॅम पीठ, ६० मिलि पाणी, ४० ग्रॅमचे चार गोळे. एका गोळ्यात २५ ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम कर्ब. घडीच्या पोळीला तेल लावलं म्हणून कर्ब वाढत नाहीत, उष्मांक वाढतात. जेवणाला ४५ ग्रॅम कर्ब धरून सुरुवात करता येते. नेमकी मर्यादा वजन आणि औषधं बघून डॉक्टर ठरवतील.

गिरगावहून

पाव सुटत नाही त्यांच्यासाठी. पावाच्या वजनाच्या साधारण निम्मे कर्ब, त्यामुळे लादीतला ४० ग्रॅमचा पाव म्हणजे २०. वडापावात त्यावर बटाटा आणि बेसनाचं आवरण धरून आणखी वीस-पंचवीस. सुक्या लसणीच्या चटणीची काळजी नको, चिंच-गुळाच्या गोड चटणीची करा. आणि तळलेल्या पदार्थाची शुगर उशिरा चढते. दोन तासांनी आकडा बरा दिसला म्हणून खूश होऊ नका, तिसऱ्या तासालाही बघा.

मिसळ त्यापेक्षा बरी. फरसाण वेगळ्या वाटीत मागायचं, उसळ आधी संपवायची आणि पाव शेवटी, तोही एकच. प्रथिनं आणि भाजी आधी, पिठूळ नंतर, या क्रमाने तेच जेवण कमी चढतं. यात न आवडणारं काहीच खावं लागत नाही, म्हणून नखरेवाल्यांनी पहिली हीच सवय लावावी.

परळहून

'भाकरीने शुगर वाढत नाही' हा गैरसमज घरोघरी आहे. ज्वारीत तंतू जास्त हे खरं, पण एका जाड भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास कर्ब. दोन लहान पोळ्या परवडल्या! अर्धी भाकरी घ्या. गुळाचंही तेच, साखरेपेक्षा वेगळा धरू नका.

बोरिवलीहून

भाजीचा बुळबुळीतपणा किंवा वास ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी धिरडं. ६० ग्रॅम मूगडाळ चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, आलं-मिरची घालून वाटा. ५० ग्रॅम दुधी किसून घट्ट पिळा आणि पिठात मिसळा, चव लागतही नाही. मीठ तव्यावर घालायच्या आधी टाका. आधीच टाकलं तर दुधीला पाणी सुटतं, पीठ सैल होतं आणि धिरडं तव्याला धरतं. दोन धिरडी होतात. एकात साधारण १८ ग्रॅम कर्ब आणि ७ ग्रॅम प्रथिनं. कुरकुरीत व्हावं म्हणून बरेच जण दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ घालतात, तिथे १५ ग्रॅम कर्ब गुपचूप वाढतात. त्याऐवजी पातळ पसरवा, आच मध्यम ठेवा आणि कडेने चमचाभर तेल सोडा.

खिचडीत तांदूळ-डाळ दोनास एकवरून एकास एकवर यायचं तर दोन आठवडे घ्या, एकदम बदललं की ताट परत जातं. डाळीतही कर्ब असतात, त्यामुळे एकूण आकडा फार उतरत नाही. फायदा प्रथिनं आणि तंतूंचा, चढ संथ होते.

माहीमहून

मासे खाणाऱ्यांना सोपं आहे. बांगडा, सुरमई, बोंबील यांत कर्ब जवळपास नाहीतच. रव्याचा थर तेवढा पातळ ठेवा.

दादरहून

ग्लुकोमीटर, म्हणजे घरी रक्तातली साखर तपासायचं यंत्र, नीट वापरला नाही तर हे सगळं मोजणं वाया. तपासायचं पहिला घास घेण्याआधी एकदा आणि त्या घासापासून दोन तासांनी एकदा. जेवण संपल्यापासून नव्हे, इथेच घोळ होतो. दोन तासांनी १८० च्या आत (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) हे सर्वसाधारण लक्ष्य. पदार्थ एकावेळी एकच बदला, नाहीतर चढ पोळीची की बटाट्याची ते कळणार नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटातून आकडा खोटाच येतो. टोचायचं बोटाच्या कडेला. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, मुंबईच्या पावसाळी हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात. फ्रिजमध्येही ठेवू नका.

घाटकोपरहून

चहात साखर नाही, पण सोबत चार मारी? एका मारीत सुमारे ४ ग्रॅम कर्ब, म्हणजे १६ झाले. दाणे किंवा फुटाणे घ्या, तेही मूठभर न घेता ३० ग्रॅम मोजून.

अंधेरीहून

कर्ब कमी करताना एक गोष्ट विसरू नका. मधुमेहाच्या औषधांपैकी नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जाते. म्हणून ताट कमी करण्याआधी डोस डॉक्टरांना विचारा. ७० च्या खाली गेलं तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून परत तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा पोचते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखरही संथ पचते, तिथे ग्लुकोजच हवं. काट्यावर १५ ग्रॅमच्या पुड्या करून झिपच्या पिशवीत ठेवा. आणि लोकलमध्ये त्या बॅगेत नकोत. बॅग रॅकवर जाते आणि गर्दीत तिथवर हात पोचत नाही. शर्टाच्या खिशात ठेवा.