अभियांत्रिकी-विज्ञानातल्या अल्पसंख्य गटांसाठी विद्यार्थी मंडळ: पहिल्या वर्षी नेमकं काय करावं? (चर्चामंच: आधी सदस्याचं टोपणनाव, खाली त्याचं म्हणणं)

कंपासपेटी

आमच्या विद्यापीठात अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांत जे गट मोजकेच दिसतात, त्यांच्यासाठी विद्यार्थी मंडळ काढायला परवानगी मिळाली आहे. मुली, घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेले, अपंगत्व असलेले, भाषेने किंवा समाजाने अल्पसंख्य असलेले, असे सगळेच डोळ्यांपुढे आहेत. आत्ता ११ जण तयार आहेत, त्यांतले ७ शेवटच्या वर्षाचे.

जाणकारांना तीन प्रश्न. एकच मंडळ काढावं की प्रत्येक गटाचं वेगळं? पहिल्या सत्रात काय करावं? बहुतेकांचा कल एखाद्या नामवंत महिला अभियंत्याचं व्याख्यान ठेवण्याकडे आहे. आणि कंपन्यांचे पैसे घ्यावेत का? मोघम सल्ला नको, आकड्यांत आणि कामांत सांगा.

तिरपी रेघ

व्याख्यान ठेवा, पण दुसऱ्या सत्रात. पहिल्या सत्रात एकच काम: पहिल्या वर्षाचं कुणी गणितात आणि भौतिकीत एकटं पडता कामा नये. गळती सुरू होते ती तिथे.

हे नवं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांतले सुमारे ८० टक्के शिक्षण सोडत होते. ती गळती थांबवायला १९७१ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी मंडळाची कल्पना मांडली. १९७५ मध्ये तिथेच ३२ संस्थांतले ४८ विद्यार्थी जमले आणि 'नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स' उभी राहिली. सुरुवात अभ्यासातून झाली होती, हारतुऱ्यांतून नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठाचं. १९७० च्या दशकात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलस म्हणजे कलनगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं. चिनी वंशाची मुलं वर्गाबाहेर एकत्र बसून गणितं सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय मुलं मेहनत तेवढीच घेत, पण एकेकटी. ट्राइसमन यांनी मग उजळणी वर्ग काढले नाहीत. त्यांनी नेहमीपेक्षा अवघड गणितांचे गट काढले आणि निकाल बदलले.

म्हणून तुमचा गट असा लावा. एका टेबलाला ५ ते ७ जण. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन तास. कागदावर ६ ते ८ गणितं, त्यांतली दोन परीक्षेपेक्षा अवघड. सुरुवात सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या चाचणीचे गुण लागल्यावर सुरू केलंत तर उशीर झाला, तोवर 'हे आपल्याला जमणारं नाही' असं मनात पक्कं बसलेलं असतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. फलकावर 'कच्च्या विद्यार्थ्यांसाठी' असा सूर लागला की ज्यांना गरज आहे तेच फिरकत नाहीत. वरच्या वर्गातला मार्गदर्शक खडू उचलून गणित सोडवू लागला की गट संपला, शिकवणी सुरू झाली. त्याचं काम फक्त 'ही पायरी का घेतली?' असं विचारत फिरायचं. आणि खोली. जमिनीला ठोकलेले बाक असलेली मिळाली तर नाकारा, समोरासमोर बसता आलं नाही तर कुणी कुणाशी बोलत नाही.

ओहमचा नियम

वरच्या मताशी सहमत, फक्त मेंटॉरिंग त्याला जोडून घ्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलींना यादृच्छिकपणे वरच्या वर्गातली मार्गदर्शक मुलगी, मार्गदर्शक मुलगा किंवा कुणीच नाही, असं वाटून दिलं होतं. ज्यांना मुलगी मिळाली त्यांचा 'मी इथलीच आहे' हा विश्वास टिकला आणि शाखा सोडण्याचं प्रमाण कमी राहिलं. एका मार्गदर्शकाकडे तिघांपेक्षा जास्त देऊ नका. पहिली भेट मंडळाने ठरवून द्यावी. 'वाटेल तेव्हा फोन कर' असं सांगितलं की नव्या मुलांकडून फोन येत नाही.

आता एक काम जे जवळजवळ कुणी करत नाही: प्रयोगशाळेतल्या साहित्याची तपासणी. एक दुपार, दोन माणसं, एक वही. सुरक्षा चष्मे एकाच मापाचे असतील तर लहान चेहऱ्यावर गालापाशी फट राहते आणि उडालेला थेंब नेमका तिथून आत जातो. हातमोजे फक्त मध्यम आणि मोठे असतील तर बोटांची सैल टोकं ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या काचनळीची) तोटी फिरवताना आड येतात. चाकाची खुर्ची टेबलाखाली जाते का, तेही बघा.

रंगांचंही तेच. रेझिस्टरचा (विद्युतरोधकाचा) रोध त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे १ मेगाओहम. ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्याची चूक थेट हजारपटीची होते. प्रत्येक टेबलावर रोध मोजायला मल्टिमीटर आणि 'मोजूनच लावा' अशी सूचना, एवढ्याने काम भागतं. अशी यादी विभागप्रमुखांकडे गेली की मंडळाला पहिल्याच महिन्यात वजन येतं.

जमाखर्च

पैशांचं सांगतो. कंपनीचे पैसे घ्या, पण तीन अटी लेखी घाला. सदस्यांची नावं किंवा बायोडेटा मंडळ देणार नाही, ज्याला हवं तो स्वतः पाठवेल. वक्ता कोण आणि विषय काय, हे मंडळ ठरवेल. आणि एकाच कंपनीचा वाटा वर्षाच्या खर्चाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसेल, नाहीतर तिने हात काढला की वर्ष कोसळतं.

परिषदेला कुणाला पाठवायचं असेल तर तिकीट आणि नोंदणी मंडळाने आधी भरावी. 'आधी खर्च करा, पावत्या द्या, मग परत मिळतील' या पद्धतीत ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत तोच जातो. म्हणजे मंडळ ज्यांच्यासाठी काढलं ते घरीच.

खरा धोका मात्र शेवटच्या वर्षाचे ते ७ जण आहेत. त्यांना एकही पद देऊ नका, मार्गदर्शक करा. अध्यक्ष तिसऱ्या वर्षाचा, उपाध्यक्ष दुसऱ्या वर्षाचा, खात्यावर सह्या दोघांच्या. निवडणूक सत्र संपण्याच्या दोन महिने आधी घ्या, म्हणजे जुने आणि नवे काही दिवस एकत्र काम करतील. ईमेल मंडळाच्या नावाने असावा. तोही बंद पडतो, कारण पडताळणीचा कोड पदवी घेऊन गेलेल्या माजी अध्यक्षाच्या फोनवर जात राहतो. पर्यायी कोड छापून विभागाच्या कार्यालयात पाकिटात ठेवा.

आडवा छेद

एक की अनेक, हा प्रश्न राहिला. अमेरिकेत महिला अभियंत्यांची 'सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स' १९५० ची, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) अभियंत्यांची संघटना १९७४ ची, अमेरिकन इंडियन म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची विज्ञान-अभियांत्रिकी संघटना १९७७ ची. प्रत्येक गट वेगळा उभा राहिला, कारण अडचणी वेगळ्या होत्या. पण ११ जणांत चार मंडळं काढलीत तर प्रत्येकाला खजिनदारसुद्धा मिळणार नाही. एकच काढा, सदस्यत्व सगळ्यांना खुलं ठेवा, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक गटाची फक्त आपापसातली बैठक होऊ द्या. 'जमाखर्च' यांच्याशी एक मतभेद: अध्यक्ष एकच नको. दोन सहअध्यक्ष वेगवेगळ्या गटांतले ठेवा, नाहीतर सगळ्यात मोठा गट मंडळ गिळतो.

नोंदणीच्या अर्जात 'तुम्ही कोणत्या गटातले?' असं विचारू नका. 'कोणती सोय लागेल?' एवढंच विचारा. गणती हवीच असेल तर निनावी करा, आणि पाचपेक्षा लहान आकडा अहवालात छापू नका. विभागात दोनच जण असतील तर आकडा म्हणजे नावच.

छळाची तक्रार आली तर चौकशी मंडळाने करू नये. ऐकून घ्या, विद्यापीठाच्या तक्रार समितीचा मार्ग दाखवा, ती व्यक्ती तयार असेल तर सोबत जा. तपशील मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये अजिबात लिहू नका.

कंपासपेटी

सगळ्यांचे आभार. व्याख्यान पुढे ढकलतोय, सहअध्यक्षांचंही पटलं. एक शंका: अभ्यासगट वसतिगृहात रात्री ९ ला ठेवला तर?

तिरपी रेघ

नको. रोज घरून ये-जा करणारे आपोआप गळतात, आणि घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेल्यांत तेच बरेच असतात. मुलींच्या वसतिगृहाची वेळही आड येते. शेवटचं प्रात्यक्षिक सुटल्यावर लगेच, त्याच इमारतीत ठेवा. वेळापत्रक हाती आलं की आधी खोली अडवा.