रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याच्या, कोरल असलेल्या टाकीत) मासा दिसेनासा झालाय, बहुधा मेलाय. दगड उचकटू का?

निळाई
टँक २०० लिटरचा, दीड वर्ष चालू आहे. मऊ कोरल आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कडक कोरल). कोरल ब्यूटी (छोटा एंजलफिश) परवापासून खायला येत नाही. आदल्या दिवशी तिचे कल्ले भराभर हलत होते, त्यामुळे लपली नसून गेलीच असं धरून चाललोय. टॉर्च मारून सगळीकडून पाहिलं. टेस्ट किट अमोनिया ०.२५ दाखवतंय. दगड एकमेकांना चिकटवलेले आहेत आणि त्यांवर झोआ (छोटे कोरल) पसरलेत. सगळं मोकळं करून शोधावं का? सोबत दोन क्लाउनफिश आणि एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आहे.

खारटगोडं
काढाच. सडका मासा आत ठेवून झोप कशी लागते लोकांना?

प्रवाळवेडा
निळाई, घाई करू नका. जुन्या टँकमध्ये एवढासा मासा ब्रिसलवर्म किडे, हर्मिट खेकडे आणि नासारियस गोगलगायी मिळून एक-दोन दिवसांत फस्त करतात. सुटलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट दगडांवरचे जिवाणू करतात. ते दगडच हलवलेत तर वाळूत साठलेली घाण पाण्यात मिसळेल, कोरल सोलवटतील आणि मासा मिळेलच याची खात्री नाही. तोच मासा टँगएवढा मोठा असता किंवा टँक महिन्याभराचा असता, तर मीही काढा म्हटलं असतं.

आता ते ०.२५. काही किट खाऱ्या पाण्यात अमोनिया नसतानाही एवढं दाखवतात. नवं मीठ कालवलेलं पाणी त्याच किटने तपासा. तिथेही तोच रंग आला तर तो आकडा विसरा. खरोखर वाढत असेल तर २०-२५ टक्के पाणी बदला, खारटपणा आणि तापमान जुळवून. रीफचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया विषारी, म्हणून 'थोडाच तर आहे' म्हणून सोडू नका. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका, स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, चालू राहू द्या (फेस जास्त येईल, कप रिकामा करत राहा). पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, कारण सडताना ऑक्सिजन खर्च होतो. खाणं दोन दिवस अगदी कमी.

रात्रपाळी
ओव्हरफ्लो (पाणी सांडून खाली जातं तो कप्पा), फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) आणि संप (खालची फिल्टरची टाकी) पाहिलात का? आणि टँकच्या मागची फरशी? दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल उजेडात बघा. ब्रिसलवर्म आणि गोगलगायी एकाच भेगेपाशी जमल्या असतील तर शोध तिथेच संपला. लांब चिमटा किंवा एअरलाइनच्या नळीचा सायफन पुरतो. चिमटा पोचत नसेल तर पॉवरहेडचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) झोत त्या भेगेत सोडा, बऱ्याचदा अवशेष आपोआप बाहेर येतात. ब्रिसलवर्मला उघड्या हाताने शिवू नका, त्याची कुसं बोटांत राहतात.

निळाई
नव्या पाण्यातही ०.२५ च आला! ओव्हरफ्लो रिकामा. रात्री डाव्या कोपऱ्यात किड्यांची गर्दी दिसली, सायफनने सांगाड्याचा तुकडा आणि थोडे खवले निघाले. क्लाउन नीट खातायत.

खारटगोडं
बरं, या वेळी हरलो. पण दगड सुटे ठेवावेत हे माझं म्हणणं कायम. पुढच्या रचनेत चिकटवू नका.

प्रवाळवेडा
किटचं कोडं सुटलं हे बरं झालं. मला जास्त काळजी त्या भराभर हलणाऱ्या कल्ल्यांची वाटते. ते व्हेल्व्हेट या परजीवी रोगाचं लक्षण असू शकतं. क्लाउनच्या अंगावर बारीक सोनेरी भुकटीसारखं काही दिसतंय का, तेही पॉवरहेडच्या झोताकडे तोंड करून राहतात का, हे रोज बघा. तसं काही दिसलं तर मासे वेगळ्या टँकमध्ये काढून उपचार करा. तांबं असलेलं कोणतंही औषध मुख्य टँकमध्ये नको, श्रिम्प आणि कोरल दोन्ही जातील. तोवर नवा मासा आणू नका.