कोड जॉब कार्डावरच अडकतो
एकाने विचारलंय की मेनफ्रेमवर जॉब कार्डावर (जॉबच्या सुरुवातीच्या ओळीवर) खर्च कुणाच्या नावे हे सांगणारा अकाउंट कोड टाकूनही सीआयसीएसचा, म्हणजे ट्रान्झॅक्शन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वापर विभागवार का दिसत नाही. अहो, दिसणार कसा? तो कोड एसएमएफच्या (मेनफ्रेमच्या वापर-नोंदींच्या) 30 नंबरच्या रेकॉर्डमध्ये जातो आणि तिथे अख्खं रीजन, म्हणजे सीआयसीएसची एक चालू प्रत, हा एकच जॉब. ट्रान्झॅक्शनवार हिशेब 110 मध्ये मिळतो. त्यासाठी सीआयसीएसची एमएन (मॉनिटरिंग) आणि एमएनपर (परफॉर्मन्सच्या नोंदी) ही दोन्ही सेटिंग्ज ऑन हवीत. ऐरोलीला आमच्या टीमने दुसरं विसरून महिनाभर रिकामा रिपोर्ट काढला होता! मग चार अक्षरी ट्रान्झॅक्शन आयडीसमोर विभागाचा कोड लिहून टेबल बनवा. खरी डोकेदुखी पुढेच आहे: एकच आयडी कर्ज आणि ठेवी असे दोन्ही विभाग वापरत असतील तर युजर आयडीवरून फोड करावी लागते. आणि ‘इतर’ नावाचा कोड ठेवूच नका, सगळे त्यातच शिरतात.