मदत हवी आहे: खासदारांच्या निवडणूक खर्चाचा मधला हिशेब कुठेच सापडत नाही

सांजवात
घाईत लिहितेय. एम.ए.चा लघुप्रबंध आहे. विषय: आमच्या खासदारांची राजकीय वाटचाल आणि त्यांच्या निवडणुकांना पैसा कुठून आला. वाटचालीचं प्रकरण लिहून झालं, जिल्हा परिषदेच्या गटापासून दिल्लीपर्यंत. पैशाचं अडलंय. ते तीनदा खासदार झाले आणि मला हिशेब दोनच मिळतात, २००९ आणि २०२४. मधला कुठेच नाही. निवडणूक कार्यालयात गेले तर "असा कागदच नाही" म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलं. हिशेब दिला नाही तर अपात्र ठरवतात ना? मग हे कसे सुटले? सोमवारी सरांना प्रकरण दाखवायचंय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

कोरडवाहू
मतदारसंघ कुठला? मधला म्हणजे कुठल्या साली? एवढ्यावरून काय सांगणार?

शाईदौत
निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या साइटवर नाव टाका, सगळं मिळतं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, मागच्या पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न. मायनेता म्हणून खाजगी साइट आहे, तिथेही आहे. पाच मिनिटांचं काम.

सांजवात
शपथपत्रं काढून ठेवली आहेत. ती अर्जासोबत देतात, त्यात माणसाकडे काय आहे ते कळतं. प्रचाराला पैसा कोणी दिला हे त्यात कुठे असतं? मला खर्चाचा हिशेब हवाय, निकालानंतर देतात तो.

गावठाण
ताई, वेळ वाया घालवताय. ते हिशेब वाचून काय मिळणार? गोपीनाथ मुंडे २०१३ ला मुंबईत भर सभेत बोलून गेले की २००९ च्या निवडणुकीत आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाने नोटीस काढली, त्यांनी खुलासा दिला. आमच्या गावात मतदानाच्या आदल्या रात्री काय चालतं ते मी लहानपणापासून बघतोय. त्यातलं एक ओळसुद्धा कागदावर येत नाही. प्रबंध लिहायचाच तर कार्यकर्त्यांशी बोला, जीपवाल्यांशी बोला.

लेखाजोखा
गावठाण, तुमचा राग कळतो, पण मुलीला चुकीचा रस्ता दाखवू नका. कागद अपुरा आहे म्हणून वाचायचाच नाही? हिशेबाच्या गोषवाऱ्यात पैसा कुठून आला याचे वेगळे रकाने असतात: स्वतःचा किती, पक्षाने एकरकमी किती दिला, इतरांकडून कर्ज, भेट, देणगी किती. २००९ ते २०२४ हे तीन आकडे कसे बदलले एवढं जरी मांडलं तरी प्रकरण उभं राहतं. मर्यादाही बदलत गेली: २५ लाख, २०११ ला ४० लाख, २०१४ ला ७० लाख, २०२० ला ७७, आणि २०२२ पासून मोठ्या राज्यांत ९५ लाख. नुसते रुपये तोलू नका. त्या वेळच्या मर्यादेच्या किती टक्के दाखवले ते बघा.

पिंपळपार
निवडणूक रोख्यांकडे बघा, म्हणजे पक्षांना देणगी द्यायला बँकेतून विकत घ्यायचे ते बाँड! खरा पैसा तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना रद्द केली आणि मार्चमध्ये सगळी यादी जाहीर झाली, कोणत्या कंपनीने किती घेतले, कोणत्या पक्षाने किती वटवले. रोख्यांचे क्रमांकही नंतर आले, त्यामुळे कोणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला याच्या जोड्या लावता येतात. मी रात्रभर बसून आमच्या भागातल्या कंपन्या शोधल्या होत्या. तुमच्या खासदारांच्या पक्षाचं नाव टाका, प्रकरण तयार.

लेखाजोखा
रोखे पक्षाला मिळायचे, उमेदवाराला नाही. पक्षाच्या खात्यातून ह्या एका माणसाच्या प्रचाराला काय आलं ते त्या यादीतून कळत नाही. ते दाखवता आलं नाही तर परीक्षक पहिल्याच प्रश्नाला अडवतील.

पिंपळपार
पण पक्षाकडे आला म्हणूनच उमेदवाराकडे गेला ना? पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. तुम्ही ९५ लाखांच्या खिडकीतून बघताय आणि घर मागे आहे.

हिरवळ
खासदारांना वर्षाला ५ कोटी निधी मिळतो, तो कुठे खर्च झाला याची माहिती साइटवर कामनिहाय आहे. आमच्या वाडीत सभामंडप झाला त्यातूनच. कोरोनाच्या काळात निधी बंद होता, तेही प्रकरणात घ्या.

कोरडवाहू
हिरवळ, तो स्थानिक विकास निधी. खासदाराने काम सुचवायचं, पैसा जिल्हा प्रशासनाकडून जातो. प्रचाराशी त्याचा हिशेब जोडू नये. सांजवात, मी पुन्हा विचारतो, मधला म्हणजे कुठला? २०१४ का २०१९?

सांजवात
२०१४ ला ते पडले. २०१९ ला उभेच नव्हते. मधे सहा वर्षं खासदार होते ना, त्याचा हिशेब.

कोरडवाहू
२०१४ ला पडले आणि २०१९ ला उभे नाहीत, तर मधे सहा वर्षं खासदार कसे? अहो, राज्यसभेवर होते का?

सांजवात
हो, राज्यसभाच. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे म्हणून वेगळं लिहिलं नाही. त्याने काय फरक पडतो? खासदार तो खासदार.

वकीलकाका
बेटा, सगळा फरक तिथेच पडतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ उघड, कलम ७६ वाच. निवडणूक खर्चाचं प्रकरण फक्त लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांना लागू आहे असं तिथे स्वच्छ लिहिलंय. कलम ७७ मध्ये हिशेब ठेवणं आणि मर्यादा, कलम ७८ मध्ये निकालानंतर ३० दिवसांत हिशेब देणं, कलम १०क मध्ये हिशेब न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता. ह्यातलं काहीच राज्यसभेच्या निवडणुकीला लागत नाही. शपथपत्र मात्र तिथेही द्यावं लागतं. म्हणजे कार्यालयातल्या माणसाने तुला खरंच सांगितलं, फक्त नीट समजावलं नाही. तो कागद कधी जन्मलाच नाही. आणि तू चांगलं केलंस की नाव इथे टाकलं नाहीस. अपात्रतेचं बोलणं नावानिशी केलं असतंस तर अडचण झाली असती.

सांजवात
म्हणजे मी दोन आठवडे नसलेली गोष्ट शोधत होते. काका, खूप आभार. पण वाचून मन अस्वस्थ झालं. आमदार मत देतात त्या निवडणुकीत पैशाचा हिशेबच मागायचा नाही, हे कसं?

वकीलकाका
बचावात असं म्हणतात की मतदार मोजके, सभा नाहीत, भिंती रंगवायच्या नाहीत, मग प्रचाराचा खर्च कुठला? मला हे पटत नाही. मतदार मोजके असतात तिथे तर जास्त लक्ष हवं. हा मुद्दा तू प्रकरणात जरूर घे, पण कायद्याचं कलम दाखवून घे.

गावठाण
बघा, मी काय म्हणत होतो.

लेखाजोखा
तुम्ही सगळेच हिशेब खोटे म्हणत होतात. इथे हिशेब मागायची तरतूदच नाही. दोन्ही वेगळं आहे. आणि सांजवात, २०१४ चा हिशेब विसरलीस! हरलेल्या उमेदवारालाही तो द्यावाच लागतो. सापडणारा मधला हिशेब तोच आहे.

सांजवात
अरे देवा. हरले म्हणून मी तो धरलाच नव्हता. तो कसा मिळवू? गोषवारा ऑनलाइन दिसत नाहीये.

झुंजार
माहितीचा अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय. मी आजवर कितीतरी टाकलेत. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोग. आवाज चढवायचा नाही, पोच घ्यायची.

वकीलकाका
तिला सोमवारी द्यायचंय आणि तुम्ही ३० दिवस सांगताय. निवडणूक संचालन नियम १९६१ चा नियम ८८ आहे ना. दाखल झालेला हिशेब कोणीही एक रुपया फी भरून बघू शकतो, ठरलेली फी भरून साक्षांकित प्रतही मिळते. तो नियम छापून सोबत ने.

झुंजार
काका, नियम मलाही माहीत आहे. पण खिडकीवर तोंडी मागितलं की तोंडी नाही म्हणतात. अर्जाला नाही म्हणताना सही करावी लागते. मुलगी एकदा परत आलीच आहे.

वकीलकाका
हे मान्य. मग दोन्ही कर. नियमाप्रमाणे लेखी अर्ज दे आणि पोच घे.

पाटीपेन्सिल
मी शिक्षक आहे. २०१९ ला माझी नेमणूक खर्चाच्या लेखा पथकात होती, म्हणून थोडं आतलं सांगतो. उमेदवाराला नोंदवही मिळते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. प्रचारासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. दहा हजारांच्या वर रोखीने देता येत नाही. आमच्याकडे त्याच उमेदवाराची दुसरी वही असते, शॅडो रजिस्टर म्हणतात. सभा झाली की व्हिडिओ पथक चित्रण आणून द्यायचं आणि आम्ही रात्री बसून खुर्च्या, मांडव, कर्णे, फेटे, हार मोजायचो. दर जिल्ह्याच्या दरपत्रकातले, पक्षांच्या बैठकीत आधी ठरलेले.

एकदा मैदानाच्या कडेला खुर्च्यांचा ढीग होता. उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणाला, त्या वापरल्याच नाहीत, धरू नका. आम्ही चित्रण मागे नेऊन तीनदा बघितलं. सभा सुरू झाल्यावर त्या ढिगातल्या निम्म्या खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. निम्म्या धरल्या. प्रचाराच्या काळात किमान तीनदा दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून तपासतात, फरक निघाला की नोटीस जाते. म्हणून "एक ओळही कागदावर येत नाही" हे मला लागतं. आम्ही जागून मोजलंय ते.

गावठाण
गुरुजी, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण तुम्ही मोजलं ते मांडवाखालचं. आणि अर्ज भरायच्या आधी सहा महिने जे फलक लागतात, सामुदायिक विवाह होतात, मंडळांना वर्गणी जाते, ते कोण मोजतं?

पाटीपेन्सिल
ते खरं आहे. अर्ज भरल्यापासून निकालाच्या दिवसापर्यंतचाच खर्च धरतात. आधी छापलेलं साहित्य नंतर वापरलं तर ते मात्र धरतो. बाकीचं आमच्या हातात नव्हतं.

वकीलकाका
सांजवात, अजून एक बघ. त्यांच्या मतदारसंघात मोठ्या नेत्यांच्या सभा झाल्या असतील. स्टार प्रचारकाचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात येत नाही, पण उमेदवार त्याच व्यासपीठावर बसला की सभेचा वाटा त्याच्या अंगावर येतो. ह्यामागे मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम आणून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ च्या दुरुस्तीने ती सूट नेत्यांच्या प्रवासापुरती आणली. आणि आयोग हिशेबाचं खरंखोटं तपासू शकतो का, हा वाद आपल्याच अशोक चव्हाणांच्या प्रकरणात मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयात सुटला: तपासू शकतो. पुढे आयोगाने त्यांना दिलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, तेही लिही. अर्धवट लिहू नकोस.

हिरवळ
खासदारांची लोकसभेतली उपस्थिती आणि प्रश्नसुद्धा मिळतात बरं का. हवी असतील तर काढून देते.

सांजवात
हिरवळताई, ते वाटचालीच्या प्रकरणात झालंय, धन्यवाद.

सगळ्यांना सांगायला आले. सोमवारी सरांकडून आठवडा वाढवून घेतला आणि आधी कार्यालयात गेले. नियम ८८ छापून नेला होता, अर्जाच्या दोन प्रती. खिडकीवरच्या भाऊंनी नियम दोनदा वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवला, मग मला खुर्ची दिली. एक रुपयाची पावती फाडली, ती मी प्रबंधाला जोडणार आहे. २०२४ ची अख्खी फाइल समोर ठेवली. गुलाबी पानांवर बहुतेक डिझेल आणि गाड्यांचे चालक. एका सभेच्या नोंदीशेजारी तपासणाऱ्यांचा शेरा, रक्कम वाढवलेली आणि खाली उमेदवाराच्या प्रतिनिधीची सही. गुरुजी, तुमच्या खुर्च्या आठवल्या. २०१४ ची फाइल अभिलेख कक्षात आहे, शोधायला आठ दिवस मागितलेत. पोच घेतलीय.

आता नवीन अडचण. २०२४ च्या हिशेबात पक्षाकडून एकरकमी पैसे आल्याची नोंद आहे. पक्षाने आयोगाला दिलेल्या विवरणात मात्र उमेदवारांच्या यादीत ह्यांचं नाव नाही. मी चुकीच्या ठिकाणी बघतेय का?

लेखाजोखा
कुठलं पान बघितलंस? केंद्रीय कार्यालयाचंच ना? लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्ष जे विवरण देतो त्यात प्रदेश शाखांचा खर्चही असतो. पैसे प्रदेश शाखेने दिले असतील तर नाव तिकडे असेल. हिशेबात रक्कम कुठल्या खात्यातून आली ते पिवळ्या पानावर बघ, तारीख आणि धनादेश क्रमांक उतरवून घे, मग विवरणात त्या तारखेने शोध.

सांजवात
केंद्रीयच बघितलं होतं. पिवळ्या पानांचे मी फोटो घेतले नाहीत, रकमाच लिहून आणल्या. उद्या परत जाते.