माळावरचे पांढरे गोळे: पफबॉल कसा ओळखायचा?

घाटमाथा:
पाऊस लागल्यापासून गवताळ माळावर लिंबाएवढे पांढरे गोळे उगवलेत, देठ दिसत नाही. बाजूच्या निलगिरीखाली तसेच गोळे आहेत, पण पिवळट-तपकिरी, खवलेवाले. दोन्ही पफबॉलच (गोळ्यासारखी अळंबी) का? खाता येतील?

बुरशीवेडा:
निलगिरीखालचे आधी बाजूला काढा. ते बहुधा स्क्लेरोडर्मा, निलगिरीच्या मुळांशी जोडून वाढणारी विषारी बुरशी. हाताला जड नि टणक लागते, साल जाड आणि चिवट, बुडाशी मातीत गेलेला तंतूंचा झुबका. कापल्यावर गर जांभळट काळा, त्यात पांढऱ्या रेघांचं जाळं. अगदी कोवळेपणी मात्र गर पांढराच असतो, फसगत होते ती तिथेच. म्हणून सालीची जाडीही बघा. पोटात गेली तर काही तासांतच उलट्या आणि कळा सुरू होतात.

माळावरचा गोळा डोक्यापासून बुडापर्यंत उभा, बरोबर मधून चिरा. आडवं कापलं तर आतली देठाची आकृती नजरेतून सुटते. प्रत्येक गोळा चिरायचा, एक बघून बाकीचे टोपलीत टाकायचे नाहीत. गर पनीरसारखा सलग पांढरा हवा. लायकोपर्डॉन गटातल्या पफबॉलमध्ये बुडाशी थोडा जाळीदार भाग असतो, तो चालतो. पिवळी-हिरवट झाक आली असेल तर बीजाणू धरू लागलेत. फेकून द्या, पोट बिघडतं.

रानवाट:
उभं चिरायचं मुख्य कारण अमॅनिटा, म्हणजे छत्रीसारखी अळंबी, जिच्या काही जाती जीवघेण्या असतात. तिचं न उघडलेलं ‘अंडं’ बाहेरून पफबॉलच वाटतं. आत टोपी, कल्ले, देठ यांची पुसट आकृती असते, कधी नुसती रेघ. रेघ दिसली की हात धुऊन मोकळे व्हा. काही अमॅनिटांमधलं अमाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मधे बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. सालीखाली बुळबुळीत जेलीचा थर लागला तर ते स्टिंकहॉर्न या घाण वासाच्या बुरशीचं अंडं, तेही पफबॉल नव्हे.

घाटमाथा:
शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण टाकून कळतं म्हणतात, ते?

बुरशीवेडा:
अजिबात विसंबू नका. या विषाने चांदी किंवा लसूण काळा पडत नाही. किड्याने खाल्लंय म्हणून चालेल, हेही चूक. चिरलेला गोळा तुमच्या भागातल्या जाणत्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून कुणी हो म्हटलं तर खाऊ नका, आम्ही म्हटलं तरी. आणि सुकलेले तपकिरी गोळे पोरांना तोंडाजवळ फोडू देऊ नका, बीजाणूंची धूळ भरपूर ओढली गेली तर फुप्फुसांना सूज येते.